कोळसा, भिंत आणि कलामेळा : नवोदित चित्रकारांच्या कलाकृतींविषयी एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठी वाङ्मयव्यवहारात ‘नवोदित’ हा शब्द दीर्घकाळ वापरात आहे. नवोदितांची संमेलने भरतात, नियतकालिके त्यांच्यासाठी पाने राखून ठेवतात आणि प्रस्तावनाकार त्यांच्या पाठीवरून हात फिरवून बाजूला होतात. या शब्दात कौतुक जितके आहे तितकेच लांबणीवर टाकलेले मूल्यमापनही आहे. ज्याला नवोदित म्हटले त्याच्या कृतीचा निवाडा पुढे केव्हातरी करावयाचा असतो. दृश्यकलेच्या क्षेत्रात मात्र गेल्या दोन दशकांत या शब्दाचा अर्थ पालटला आहे. समकालीन कलेचे व्यापारी मेळे भारतात सुरू झाल्यापासून ‘नवोदित’ ही किमतीची एक पायरी झाली आहे. हुसेन, रझा, तैयब मेहता ज्याच्या आवाक्याबाहेर आहेत अशा संग्राहकाला जे चित्र दाखवावयाचे ते नवोदिताचे. येथे मूल्यमापन लांबणीवर पडत नाही. पहिल्याच दिवशी, किंमतपत्रकाच्या रूपाने, ते उरकलेले असते.

मेळ्यामुळे तरुण चित्रकारांना संधी मिळते की त्यांची पिळवणूक होते, हा वाद नेहमीचा आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. मेळ्यातील गाळा कलाकृतीचे काय करतो, तिचा आकार, तिचे माध्यम आणि तिच्याकडे पाहण्याची रीत यांत कोणता फरक पाडतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. त्यासाठी प्रभाकर पाचपुते (जन्म १९८६), अमोल के. पाटील (जन्म १९८७) आणि विक्रांत भिसे (जन्म १९८४) या महाराष्ट्रातील तीन कलावंतांचा विचार केला आहे. हे तिघेही आज चाळिशीच्या आसपास पोहोचले आहेत, तेव्हा त्यांना नवोदित म्हणणे वयाच्या हिशेबाने फारसे बरोबर नाही. तथापि भारतातील कलामेळ्यांचा आरंभ आणि या पिढीचा उमेदीचा काळ एकच असल्यामुळे, मेळ्याने तरुण कलावंताला कोणते रूप दिले हे पाहण्यास त्यांच्याइतकी सोयीची उदाहरणे दुसरी नाहीत.

मेळ्याची घडण

ऑगस्ट २००८ मध्ये नवी दिल्लीच्या प्रगती मैदानावर ‘इंडिया आर्ट समिट’ या नावाने पहिला मेळा भरला. त्यात चौतीस कलादालने सहभागी होती. त्यापूर्वीची तीन वर्षे भारतीय चित्रबाजाराच्या तेजीची होती. सप्टेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात तैयब मेहतांच्या ‘महिषासुर’ या चित्राला दहा लाख डॉलरहून अधिक किंमत आली आणि तरुण चित्रकारांच्या किमतीही त्या ओघात वर चढल्या. मेळा भरला आणि अवघ्या काही आठवड्यांत, १५ सप्टेंबर २००८ रोजी, अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था कोसळली. ज्या तेजीच्या भरवशावर मेळ्याची कल्पना रुजली ती तेजीच नाहीशी झाली. मेळा मात्र टिकला. २०१२ पासून तो ‘इंडिया आर्ट फेअर’ या नावाने ओखला येथील मैदानावर भरू लागला. २०२५ मध्ये त्यातील सहभागींची संख्या एकशे वीस होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ सुरू झाला, आणि ज्या शहरात चित्रकलेच्या शिक्षणाची परंपरा १८५७ पासूनची आहे त्या शहराला या प्रकारचा स्वतःचा मेळा मिळाला.

‘फेअर’ या शब्दाला मराठीत ‘जत्रा’ हा शब्द सहज सुचतो. परंतु जत्रेच्या मध्यभागी देव असतो आणि खरेदी त्याच्या निमित्ताने होते. दिल्ली-मुंबईचे हे मेळे त्या अर्थाने आठवडे बाजाराला अधिक जवळचे होत. गाळे आखलेले असतात, क्षेत्रफळाच्या हिशेबाने भाडे ठरते आणि चार दिवसांनी तंबू उतरतात. अशा मेळ्यात सर्वसाधारणपणे चित्रकार स्वतः गाळा घेत नाही. कलादालन घेते आणि आपल्या चित्रकारांपैकी काहींना तेथे नेते. याउलट मुंबईत २०११ पासून भरणाऱ्या ‘इंडिया आर्ट फेस्टिव्हल’सारख्या मेळ्यात स्वतंत्र चित्रकारांनाही गाळा घेऊन आपली कामे मांडता येतात. जहांगीर कलादालनात तारीख मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या जिल्ह्याच्या गावातील चित्रकाराला हा दुसरा मार्ग जवळचा वाटतो. तेथे गुणवत्तेची चाळणी सैल असते, हे खरे. परंतु पहिल्या प्रकारच्या मेळ्यात ती घट्ट असते म्हणजे ती निव्वळ कलेचीच असते, असेही नाही.

कारण येथे जमाखर्चाचा प्रश्न येतो. कलादालन गाळ्याचे भाडे, वाहतूक, विमा, प्रकाशयोजना आणि माणसांचा मुक्काम यांवर खर्च करते आणि चार दिवसांत तो भरून काढू पाहते. विक्रीच्या किमतीतील निम्म्याच्या जवळपास वाटा कलादालनाने घ्यावयाचा हा या व्यवसायातील रूढ संकेत आहे. नवोदिताचे चित्र स्वस्त असल्यामुळे भाड्याच्या प्रत्येक चौरस मीटरला त्यातून कमी परतावा मिळतो. परिणामी त्याच्या वाट्याला येणारी भिंत लहान होते. किंवा भिंत मोठी हवी असेल तर त्याची किंमत वाढवावी लागते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. मात्र कोणत्या प्रकारची कलाकृती गाळ्यात येणार आणि कोणती येणार नाही याचा निर्णय पुष्कळ अंशी याच हिशेबात होऊन जातो.

कोळसा आणि भिंत

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुक्यात सास्ती हे गाव आहे. वर्धा नदीच्या काठचा हा मुलूख दगडी कोळशाचा. आधी भूमिगत आणि पुढे उघड्या खाणींनी येथील शेतशिवाराचे रूप बदलले. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म या गावचा, आणि त्यांच्या घरातील मागील पिढ्यांनी खाणीत काम केलेले आहे. खैरागढ येथे शिल्पकलेची पदवी आणि बडोद्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते मुंबईत आले तेव्हा कुलाब्यात ‘क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह’ हा २०१० मध्ये सुरू झालेला उपक्रम चालू होता. जे. जे. आणि इतर कलाशाळांतून बाहेर पडलेल्या, बड्या कलादालनांच्या दारात ज्यांना अद्याप कोणी विचारत नव्हते अशा मुलांना तेथे जागा होती. २०१२ मध्ये पाचपुते यांचे ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे पहिले एकल प्रदर्शन तेथेच झाले. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून युरोपातील खाणकामगार पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी सोबत नेत. शीर्षकाचा संदर्भ तो आहे.

या चित्रांचे बळ कशात आहे ते नीट पाहावयास हवे. मराठीत ‘कोळसा’ हा एकच शब्द खाणीतल्या दगडी कोळशाला आणि लाकूड जाळून केलेल्या लोणारी कोळशाला चालतो. चित्रकाराच्या हातातील चारकोल हा दुसऱ्या जातीचा. खाणीतल्या माणसाचे चित्र कोळशाने काढणे ही इंग्रजीत एक चतुर जुळणी ठरेल. मराठीत ती भाषेनेच आधी करून ठेवलेली आहे. पाचपुते यांनी ही रेखाटने बराच काळ थेट भिंतीवर केली. माणसाच्या धडावर शिराऐवजी दिवा किंवा यंत्राचा भाग, पाठीवर अख्खे घर, जनावर आणि अवजार यांतून जुळवलेले चमत्कारिक देह, आणि या सर्वांमागे उकरलेल्या जमिनीचे थर. रेषा शिल्पकाराची आहे. ती आकाराला वेढा घालते आणि वजन दाखवते. शिल्पाचे शिक्षण घेतलेला कलावंत रेखाटनाकडे वळला म्हणजे ओझे हा त्याचा स्वाभाविक विषय होतो, याचा प्रत्यय या आकृतींच्या वाकलेल्या गुडघ्यांत येतो.

भिंतीवरील कोळसा टिकत नाही, हा येथील महत्त्वाचा मुद्दा. प्रदर्शन संपले की भिंत पुसली जाते, रंगवली जाते. ज्या माणसांच्या श्रमाची नोंद ठेवली गेली नाही त्यांची चित्रेही मागे राहत नाहीत. या पुसण्यात करुणा आहे, तसा एक करडा विनोदही आहे. २०१४ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पाचपुते यांची निवड झाली. द्वैवार्षिक प्रदर्शन आणि मेळा यांत हाच फरक आहे की पहिल्यात भिंत महिनोन्महिने मिळते आणि तिच्यावरील कृती विकण्याची सक्ती नसते. २०१२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या कोची-मुझिरिस द्वैवार्षिकाने भारतीय कलावंतांना देशातच अशी भिंत मिळवून दिली.

मेळ्यातली भिंत मात्र चार दिवसांची, प्लायवूडची आणि भाड्याची. तेथे थेट भिंतीवर काढलेले चित्र म्हणजे भाड्याने घेतलेल्या जागेत पेरलेले, पण कापता न येणारे पीक. साहजिकच रेखाटनाला भिंतीवरून उतरावे लागते. कागदावर, कॅनव्हासवर, कापलेल्या प्लायवूडच्या आकृत्यांवर पाचपुते यांचे काम पसरत गेले त्यामागे हे एकच कारण आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. शिल्पकाराचे मन, स्टॉप मोशन पद्धतीच्या चलच्चित्रांचा अनुभव आणि रंगाची ओढ हीही कारणे असणार. पण ज्या काळात कोलकात्याचे एक्सपेरिमेंटर कलादालन त्यांची कामे देशोदेशीच्या मेळ्यांत नेऊ लागले त्याच काळात हा पालट झाला, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

या पालटात काय गेले आणि काय आले? गेले ते प्रमाण. भिंतीवरील आकृती प्रेक्षकाच्या डोक्यावरून जात असे. खाणीत उतरणाऱ्याला जसे आपण लहान झाल्यासारखे वाटावे तसे काहीसे प्रेक्षकाचे होई. चौकटीत आल्यावर तीच आकृती नजरेच्या पातळीवर येते आणि ‘प्रतिमा’ होते. तिच्यातील अद्भुताचा अंश पुढे येतो, ओझे मागे पडते. दिव्याचे शिर असलेला माणूस भिंतीवर भयप्रद असतो. दिवाणखान्यात तो कल्पक ठरतो. दुसरीकडे, कॅनव्हासने पाचपुते यांना भूदृश्य दिले. कोळशाच्या रेषेला करड्या, मातकट, पिवळट रंगांचे क्षितिज मिळाले आणि खाणीतल्या माणसाइतकीच खाणीने टाकून दिलेली जमीन हा विषय झाला. त्यांच्या नंतरच्या कॅनव्हासांतील ओसाड पठारे पाहताना आकृत्या नसत्या तरी चालले असते असे वाटते. आरंभीच्या भिंतीचित्रांबद्दल तसे म्हणता आले नसते. हा लाभ खरा आहे आणि तो मेळ्याच्या विरोधकांनीही मान्य करावयास हवा.

वेल्समधील कार्डिफ येथील आर्टेस मुंडी या पारितोषिकाच्या नवव्या खेपेस (२०२१) पाचपुते अंतिम सहा कलावंतांत होते. दक्षिण वेल्स हाही कोळशाच्या खाणींचा आणि खाणकामगारांच्या लढ्यांचा प्रदेश. तेथील कामगार संघटनांच्या मोर्चांत मिरवले जाणारे रंगीत फलक आणि महाराष्ट्रातील शेतकरी-कामगारांची आंदोलने यांची गाठ त्यांनी या प्रदर्शनासाठी केलेल्या मोठ्या कॅनव्हासांतून घातली. मोर्चाचा फलक हा कापडाचा असतो, गुंडाळता येतो, खांद्यावरून नेता येतो. म्हणजे मेळ्याला लागणारी वाहून नेण्याजोगी वस्तू आणि चळवळीला लागणारी वस्तू येथे एक झाली. बाजाराची अट कलावंताने आपल्या आशयात मुरवून घेतल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते. त्या वर्षी पारितोषिक एका कलावंतास न देता सहाही जणांत वाटून देण्यात आले.

ओळखपाटी आणि चित्र

मेळ्यात प्रेक्षक एका गाळ्यापुढे किती वेळ थांबतो याचे मोजमाप येथे करावयाचे नाही. पण शंभराहून अधिक गाळे एका दिवसात पाहणारा माणूस फार वेळ थांबू शकत नाही, हे उघड आहे. या घाईत चित्राच्या बाजूची पाटी चित्राआधी वाचली जाते. ज्येष्ठांच्या पाटीवर नाव पुरते. नवोदिताच्या पाटीवर, अथवा गाळ्यातील मदतनिसाच्या तोंडी, त्याचे गाव, जात, घरची गरिबी आणि आईवडिलांचा व्यवसाय असतो. खाणकामगाराचा मुलगा, चाळीतला मुलगा, वस्तीतला मुलगा. हे खोटे असते असे नाही. अडचण ही की पाटीने चित्राचा अर्थ आधीच सांगून टाकल्यामुळे चित्राला स्वतः काही सांगावयाचे उरत नाही.

अमोल के. पाटील यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. त्यांच्यामागे आजोबांची पोवाड्याची आणि वडिलांची कामगार वस्तीतील नाटकांची परंपरा आहे. २०२२ मध्ये जर्मनीतील कासेल येथे भरलेल्या पंधराव्या डॉक्युमेंटात ‘ब्लॅक मास्क्स ऑन रोलर स्केट्स’ या मांडणशिल्पात त्यांनी ब्राँझच्या लहान आकृती, रेखाटने, ध्वनी, हलणाऱ्या वस्तू आणि चलच्चित्र यांतून सफाई कामगाराच्या देहाचा, त्याच्या त्वचेचा आणि शहरातील त्याच्या वावराचा वेध घेतला. पुढे २०२३ मध्ये लंडनच्या हेवर्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले. या कलाकृतीचा जीव तिच्या अवयवांच्या एकत्रपणात आहे. चाळीत एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत सहज शिरतो, तसे येथे एक माध्यम दुसऱ्यात शिरते. अशा मांडणीतील एखादी ब्राँझची आकृती सुटी काढून गाळ्यातील पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवली, तर ती देखणी दिसेल आणि विकलीही जाईल. पण तिच्यापासून आवाज तुटलेला असेल. मग जे तुटले ते भरून काढण्याचे काम पाटीवर येते, आणि पाटी पोवाड्याचा उल्लेख करून मोकळी होते. पोवाडा ऐकू येत नाही.

विक्रांत भिसे यांचा प्रश्न निराळा आहे. ते रूढ अर्थाने चित्रकार आहेत; त्यांची कृती मुळातच चौकटीतली आणि म्हणून गाळ्यात सहज बसणारी. आंबेडकरी चळवळीचा इतिहास, १९२७ चा महाड सत्याग्रह, १९७२ मध्ये उभी राहिलेली दलित पँथर, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा १९९४ पर्यंत चाललेला लढा, हा त्यांचा विषय. भारतीय चित्रकलेच्या बाजाराने हा इतिहास त्यापूर्वी दारातही उभा केला नव्हता. महाराष्ट्रात आंबेडकरी प्रतिमांची निर्मिती अखंड चालू होती. भिंतींवर, कॅलेंडरांवर, जयंतीच्या कमानींवर आणि दीक्षाभूमीबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानांत ती होती; तिला ‘कला’ म्हणण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती. त्या निळ्या रंगाला दिल्लीच्या मेळ्यात भिंत मिळणे ही घटना म्हणून मोठी आहे. तिचे श्रेय मेळ्याला द्यावयाचे की भिसे यांच्या हट्टाला, हा प्रश्न बाजूला ठेवू.

परंतु घटना मोठी असणे आणि चित्र मोठे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि समीक्षेने त्यांत गल्लत करू नये. भिसे यांच्या जमावाच्या चित्रांत दोन प्रवृत्ती आढळतात. काही ठिकाणी जमाव एकसंध रंगपृष्ठ होतो. चेहरे विरघळतात, हात आणि झेंडे यांची लय उरते आणि चित्र घोषणेच्या जवळ जाते. इतर ठिकाणी जमावातला एखादा माणूस वेगळा राहतो. थकलेला, कोठेतरी भलतीकडे पाहणारा. तेथे मोर्चा हा माणसांनी मिळून केलेला आहे याची जाणीव होते. दुसऱ्या प्रकारची चित्रे निःसंशय अधिक श्रेष्ठ आहेत. मेळ्यात मात्र दुरून ओळखू येणारे, एका नजरेत विषय सांगणारे चित्र पहिल्या प्रकारचे असते. दलित साहित्याच्या संदर्भात मराठी समीक्षेने हा प्रश्न पूर्वीच हाताळलेला आहे. अनुभवाच्या दाहकतेपुढे कलामूल्याची चर्चा अप्रस्तुत ठरवणारे आणि कलामूल्याच्या नावाखाली अनुभवच नाकारणारे, असे दोन्ही पक्ष त्या वादात होते. भिसे यांच्या चित्रांवर त्या वादाच्या पातळीची चर्चा अद्याप झालेली नाही. कौतुक आहे, चर्चा नाही. चर्चेविना मिळालेला मान हा एक प्रकारे पुन्हा नवोदिताच्या पाठीवरून फिरवलेला हातच होय.

मराठी समीक्षेची जागा

या तिन्ही कलावंतांच्या कामाचा आशय मराठी मुलखातला आणि मराठी शब्दांनी घडलेला आहे. त्यांच्यावरील लेखन मात्र बहुतांशी इंग्रजीत, आणि तेही कलादालनांच्या पत्रकांत अथवा प्रदर्शनांच्या पुस्तिकांत आहे. पत्रक लिहिणाऱ्याला विक्रीचे भान ठेवावे लागते; त्याच्याकडून निवाड्याची अपेक्षा करता येत नाही. मराठीत दृश्यकलेवर गंभीरपणे लिहिण्याची परंपरा नाही असे नव्हे. द. ग. गोडसे, संभाजी कदम, बाबुराव सडवेलकर यांचे लेखन आहे. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे चित्रकाराने स्वतः केलेल्या चिंतनाचे पुस्तक आहे. बरवे यांच्या पुस्तकाचे नावच कॅनव्हास ही चित्राची स्वाभाविक भूमी मानते. त्यापुढच्या पिढीची भूमी भिंत, ध्वनी, देह आणि कापड अशी विखुरली तेव्हा तिच्याविषयी बोलण्यासाठी जी परिभाषा लागते ती मराठीने अजून कमावलेली नाही. ‘इन्स्टॉलेशन’ला ‘मांडणशिल्प’ हा शब्द मिळाला, तो चांगलाही आहे; पण शब्द मिळाल्यावर त्याने करावयाचे काम पुढे गेले नाही.

महाविद्यालयांच्या पातळीवर एक काम तातडीने करता येण्याजोगे आहे. पुसल्या गेलेल्या भिंतीचित्रांची जी छायाचित्रे, कच्ची रेखाटने आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या आठवणी अद्याप उपलब्ध असतील, त्या गोळा करून त्यांची मराठीत वर्णनासह नोंद करणे. विकल्या गेलेल्या कॅनव्हासची नोंद कलादालनाच्या वहीत असते. त्याचे माप, वर्ष, माध्यम आणि मालक कागदोपत्री सापडतो. २०१२ मध्ये कुलाब्यातील त्या जुन्या इमारतीत कोळशाने काढलेल्या माणसांना माप होते, पण मालक नव्हता. त्यांतील कोणता माणूस कोणत्या भिंतीवर होता, खिडकीचा उजेड त्याच्यावर दुपारी कसा पडत असे, भिंत पुसण्याआधी त्याच्या पायाशी किती काळी भुकटी साचली होती, हे सांगू शकतील असे प्रेक्षक आज पन्नाशीच्या आतबाहेर आहेत.